एक नाव, अनेक धनी : संयुक्त क्रियापद या संज्ञेचा इतिहास

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. शहापूरची ओळख मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा आणि भातसा या धरणांमुळे, तर मुरबाडची माळशेज घाट आणि सिद्धगड यांमुळे. मराठी शिक्षणाच्या इतिहासात मात्र मुरबाडला आणखी एक मान आहे आणि तो फारसा कोणाच्या ध्यानी नसतो. मुंबई इलाख्यात देशी भाषांतून शिक्षण द्यावे असा आग्रह ज्यांनी धरला, त्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. ज्या ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’च्या कारभारात नानांचा मोठा वाटा होता, तिच्याच शाळेत शिकलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. शालेय मराठी व्याकरणाची घडी त्या ग्रंथाने बसविली. त्या घडीतून आजपर्यंत चालत आलेल्या एका संज्ञेविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आम्ही योजिले आहे. ती संज्ञा म्हणजे ‘संयुक्त क्रियापद’.

विषय रूक्ष वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. व्याकरण म्हटले की शाळेतील धाक आठवतो. परंतु ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. आमच्या भागातील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी कुटुंबांतील कितीतरी मुले आपल्या घराण्यात प्रथमच दहावीच्या उंबरठ्याशी येतात. त्यांच्या दप्तरात भाषेची तीन पुस्तके असतात. मराठीच्या व्याकरणात त्यांना ‘सहाय्यक क्रियापद’ भेटते आणि उदाहरण असते ‘खाऊन टाक’ यातील ‘टाक’. हिंदीच्या प्रश्नपत्रिकेत ‘सहायक क्रिया’ ओळखून तिचे मूळ रूप लिहावयाचे असते. इंग्रजीत ‘ऑक्झिलिअरी व्हर्ब’ येते, त्याचेही मराठी ‘सहाय्यक क्रियापद’ असेच सांगितले जाते. परंतु तेथे उदाहरण असते ‘हॅज गॉन’ यातील ‘हॅज’. त्याच्या पुढच्या पानावर ‘कंपाउंड व्हर्ब’ आणि ‘फ्रेझल व्हर्ब’. मार्गदर्शक पुस्तकांतून या दोघांचेही मराठी पुष्कळदा ‘संयुक्त क्रियापद’ असेच केलेले आढळते. मुलाने बुद्धी चालविली की ते नेमके फसते. ‘टाक’ जर सहाय्यक, तर ‘हॅज’ म्हणजे ‘टाक’ का? ‘लुक आफ्टर’ जर संयुक्त, तर ‘आफ्टर’ हे क्रियापद का? प्रश्न रास्त आहेत. उत्तर मिळत नाही, म्हणून मूल पाठांतराकडे वळते, आणि व्याकरण आपल्या डोक्यापलीकडचे आहे अशी समजूत करून घेते.

हा घोटाळा मुलाच्या डोक्यात नाही, नावांत आहे. आणि नावांतला हा घोटाळा फार जुना आहे. त्याची वंशावळ पाहिली म्हणजे भीती पुष्कळशी ओसरते.

लॅटिनची पेटी

या संज्ञेचे मूळ शोधू लागलो तर आपण थेट चौथ्या शतकातील रोमपर्यंत पोहोचतो. तेथे दोनातुस नावाचा एक प्रख्यात व्याकरणशिक्षक होऊन गेला. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम हे त्याचे विद्यार्थी. दोनातुसने क्रियापदाची जी लक्षणे सांगितली, त्यांत एक लक्षण असे की क्रियापद घडणीने साधे असते किंवा संयुक्त असते. ‘एओ’ म्हणजे मी जातो, हे साधे. ‘एक्सेओ’ म्हणजे मी बाहेर जातो आणि ‘रेदेओ’ म्हणजे मी परत जातो, ही संयुक्त. धातूच्या मागे उपसर्ग जोडला की झाले संयुक्त क्रियापद. संस्कृत जाणणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. ‘हृ’ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार असे भिन्न अर्थांचे शब्द आपण वापरतोच.

गंमत अशी की ज्या रूपांना आज आपण संयुक्त म्हणू, अशी दोन शब्दांची रूपेही लॅटिनमध्ये होती. ‘लाउदातुस एस्त’ म्हणजे ‘त्याची स्तुती केली गेली’. यात एक कृदंत आणि एक ‘असणे’चे रूप आहे. दोनातुसची ‘संयुक्त’ ही पाटी मात्र या जोडीसाठी नव्हती. ती काळांच्या तक्त्यात मुकाट्याने बसली. अशा रीतीने ‘संयुक्त’ या नावाचा पहिला धनी ठरला उपसर्गयुक्त धातू.

हीच लॅटिनची पेटी युरोपीय मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर हिंदुस्थानात आणली. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स आमच्या वाचकांना ‘ख्रिस्तपुराणा’मुळे परिचित आहेत. त्यांनी लिहिलेले कोंकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. त्यात दियोगो रिबैरो आदी धर्मबंधूंनी भर घातली होती. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. त्याचा सांगाडा लॅटिन व्याकरणाचा आहे. दुसरा सांगाडा त्यांच्यापुढे नव्हताच. त्या काळी युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिन व्याकरण असेच समीकरण होते. पुढे १८०५ साली सेरामपूर येथे बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजीतून छापले. तेव्हा सांगाडा लॅटिनवरून घडलेल्या इंग्रजी व्याकरणाचा होता. १८६८ साली गणपतराव नवलकर या मराठी ख्रिस्ती विद्वानाने विद्यार्थ्यांसाठी मराठीचे व्याकरण लिहिले, तेही इंग्रजीतूनच. या मंडळींचे ऋण मोठे आहे. परक्याच्या बोलीला नियम असतात, हे त्यांनी आदराने मान्य केले आणि ते नियम लिहून काढले. मात्र दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घातला की कोठेतरी ओढला जातो, कोठेतरी लोंबतो. ‘संयुक्त’ हे त्या अंगरख्याचे लोंबणारे टोक होय.

इंग्रजीतील फाटाफूट

इंग्रजीत काय झाले ते पाहणे अगत्याचे आहे, कारण आपल्या शाळांत इंग्रजी व्याकरण आले ते तेथूनच. १७६२ साली रॉबर्ट लोथ या धर्मपंडिताने इंग्रजीचे एक छोटेखानी व्याकरण लिहिले. पुढे हे गृहस्थ लंडनचे अँग्लिकन बिशप झाले. त्यांच्या ध्यानात एक मार्मिक गोष्ट आली. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय क्रियापदाच्या आधी चिकटून येते, उदाहरणार्थ ‘अपहोल्ड’ किंवा ‘विदस्टँड’. परंतु त्याहून अधिक वेळा ते क्रियापदाच्या नंतर, सुटे असे येते आणि तरीही क्रियापदाचा अर्थ पालटून टाकते. ‘कास्ट’ म्हणजे फेकणे, पण ‘कास्ट अप’ म्हणजे हिशेबाची बेरीज करणे. त्यापूर्वी १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना या सुट्या जोड्या फार जड जातात, हे नमूद केलेच होते. त्यांना निराळे नाव मात्र कोणी दिले नाही.

१७९५ साली लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण निघाले. मरे हे मूळचे अमेरिकेतील क्वेकर गृहस्थ. ते इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाले होते. यॉर्कमधील मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेले हे पुस्तक पुढे अर्ध्या जगात पोहोचले. मरे यांनी ‘कंपाउंड’ हा शब्द आणखी एका कामाला लावला. ‘लव्ह्ड’ हा साधा काळ आणि ‘हॅव लव्ह्ड’, ‘विल लव्ह’ हे संयुक्त काळ, असे त्यांनी वर्गीकरण केले. म्हणजे नाव तेच आणि धनी दुसरा. आता ‘संयुक्त’ म्हणजे सहायक लावून बनविलेले काळाचे रूप.

विसाव्या शतकात आणखी भर पडली. ‘कास्ट अप’, ‘गेट अप’, ‘लुक आफ्टर’ यांसाठी लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव प्रचारात आणले. ते नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे त्यांनी सांगितले आहे. नाव नवे मिळाले तरी जुने सुटले नाही. आजही काही पुस्तके यांना ‘कंपाउंड व्हर्ब’ म्हणतात, काही ‘टू-वर्ड व्हर्ब’, काही ‘मल्टी-वर्ड व्हर्ब’. ‘प्रेपोझिशनल व्हर्ब’ हा पोटप्रकार आणखी निराळा. ‘बेबीसिट’ यासारख्या एकजीव झालेल्या शब्दालाही ‘कंपाउंड व्हर्ब’ हेच नाव. ‘टेक अ लुक’, ‘हॅव अ रेस्ट’ यांतील ‘टेक’ व ‘हॅव’ यांना डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९४२ साली ‘लाइट व्हर्ब’, म्हणजे हलके क्रियापद, म्हटले. तात्पर्य, ज्या इंग्रजीचा आपण एवढा दरारा बाळगतो, तिच्या घरातही या बाबतीत एकवाक्यता नाही. नावे ठरविणारे पंडित निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गोष्टींकडे पाहत होते, इतकेच.

दादोबांच्या हाती आलेले दान

दादोबा पांडुरंग मराठीचे व्याकरण लिहावयास बसले, तेव्हा त्यांच्यापुढे एका बाजूस लिंडले मरे यांचा इंग्रजी नमुना होता आणि दुसऱ्या बाजूस संस्कृत व्याकरणाची समृद्ध परिभाषा. त्यांनी मांडणी एकीकडून घेतली आणि बहुतेक नावे दुसरीकडून. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या धाडसाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्यांना पुढे ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले गेले ते उगाच नव्हे. तथापि या मिश्रणाचे परिणाम व्हावयाचे ते झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा करणारे निबंध लिहिले. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे बंधू. संयुक्त क्रियापदांचा विचार त्यांनी त्यात विस्ताराने केला. १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी मराठी व्याकरणाचा पुनर्विचार मांडला आणि १९८७ साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ या ग्रंथात जुन्या मतांची परखड छाननी केली. दीडशे वर्षांत मराठीच्या विद्वानांनीच एकमेकांशी एवढे वाद घातले, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात फक्त व्याख्या येते, जणू ती आकाशातून पडली आहे.

‘संयुक्त’ हा शब्दही मुळात फार ओझे वाहणारा आहे. जोडाक्षराला आपण संयुक्त व्यंजन म्हणतो, ‘ऐ’ आणि ‘औ’ यांना संयुक्त स्वर म्हणतो, ‘आणि’ने जोडलेल्या वाक्यांना संयुक्त वाक्य म्हणतो. त्यात क्रियापदाची भर पडली. वास्तविक संस्कृत व्याकरणाजवळ या प्रसंगी उपयोगी पडणारा एक वेगळा शब्द होता. ‘चोरयामास’, ‘ईक्षांचक्रे’ अशा रूपांत मूळ धातूच्या मागोमाग अस् किंवा कृ धातूचे रूप योजिले जाते. या मागून जोडण्याला पाणिनीच्या परंपरेत ‘अनुप्रयोग’ म्हणतात. शब्द नेमका आहे. पण तो शाळेपर्यंत आला नाही. शाळेपर्यंत आले ते ‘संयुक्त’.

मराठीचे स्वतःचे धन

आता नावे क्षणभर बाजूला ठेवून वस्तूकडे पाहू. ‘सांगणे’ हे एक साधे क्रियापद घ्या. ‘त्याने सांगून टाकले’ म्हटले की मनावरचे ओझे उतरले. ‘सांगून ठेवले’ म्हणजे पुढची तरतूद केली. ‘सांगून पाहिले’ म्हणजे प्रयत्न केला, ऐकले की नाही ते देव जाणे. ‘सांगून बसला’ म्हणजे सांगावयास नको होते, आता पस्तावा. ‘सांगू लागला’ म्हणजे आरंभ. ‘सांगू दे’ म्हणजे परवानगी. सांगण्याची क्रिया एकच. तिच्याभोवती सुटका, दूरदृष्टी, आशा, पश्चात्ताप, सारे उभे राहिले, तेही एकेका लहानशा क्रियापदाच्या बळावर. ‘करून दे’ आणि ‘करून घे’ यांतील फरक तर मराठी मूल लहानपणीच ओळखते. एकात दुसऱ्याचे भले, दुसऱ्यात आपले.

हे धन शहरी पुस्तकांतले नाही. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडील शेतकरी म्हणतो, ‘राब भाजून घेतला’. आषाढात ‘आवणी उरकून टाकली’ म्हणतो. चैत्रात मोहाची फुले वेचणारी म्हातारी ‘सुकवून ठेवली’ म्हणते. यांपैकी कोणालाही संयुक्त क्रियापदाची व्याख्या ठाऊक नाही. आणि कोणाचाही प्रयोग चुकत नाही.

प्रयोग न चुकण्यामागे जे ज्ञान आहे ते थोडे नव्हे. ‘मामा भात खाऊन गेला’ आणि ‘भात करपून गेला’ ही दोन वाक्ये पाहा. दोन्हींत ‘-ऊन गेला’ आहे. पहिल्यात मामाने दोन कामे केली : आधी खाल्ले, मग गेला. दुसऱ्यात भात कोठेही गेलेला नाही. करपण्याची एकच क्रिया पूर्ण झाली. व्याकरणाची पुस्तके जी कसोटी सांगतात ती हीच : दोन शब्दांतून एकाच क्रियेचा बोध झाला तर ते संयुक्त क्रियापद, दोन क्रियांचा झाला तर नव्हे. आणखी एक खूण. ‘मी सांगून टाकले’ असे आपण सहज म्हणतो. पण नकार द्यावयाचा झाला तर ‘मी सांगून टाकले नाही’ असे सहसा म्हणत नाही, ‘मी सांगितले नाही’ असेच म्हणतो. हा नियम कोणत्याही आईने मुलाला शिकविलेला नाही. तरी ते मूल तो पाळते.

या रचनेची मुळे खोल आहेत. ‘करून’, ‘खाऊन’ यांतील ‘-ऊन’ हा प्रत्यय महाराष्ट्री प्राकृतातील ‘-ऊण’पासून आला. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्यातही त्याची जुनी रूपे विपुल आहेत. एका क्रियापदाच्या पाठीवर दुसरे बसवून अर्थाला रंग देण्याची ही रीत केवळ मराठीची नाही. हिंदी, गुजराती, बंगाली या उत्तरेकडील भाषांत ती आहे. तशीच कन्नड, तेलुगू, तमिळ या दक्षिणेकडील भाषांतही आहे. भिन्न कुळांच्या भाषा शेजारी नांदता नांदता एकमेकींसारख्या होतात, हा विचार मरे एमेनो यांनी १९५६ साली भारतासंबंधी ठळकपणे मांडला. आणि १९७६ साली कॉलिन मसिका यांनी भारतीय उपखंडाची ओळख पटविणाऱ्या लक्षणांत या जोडक्रियापदांची गणना केली. पीटर हूक यांनी १९७४ साली हिंदीतील अशा क्रियापदांवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. ज्या गोष्टीवर परदेशी विद्यापीठांतून ग्रंथ लिहिले जातात, ती गोष्ट आमच्या पाड्यावरचे मूल खेळता खेळता बोलून जाते.

नावांचा गुंता कसा सोडवावा?

आता मूळ गुंत्याकडे वळू. ‘तो जात आहे’ यातील ‘आहे’ आणि ‘हॅज गॉन’ यातील ‘हॅज’ एका जातीचे. ते क्रियेला काळाची जागा दाखवितात. क्रियेच्या रंगात काही भर घालीत नाहीत. ‘खाऊन टाक’ यातील ‘टाक’ निराळ्या जातीचे. त्याचा मूळ अर्थ, म्हणजे फेकणे, पुसट झालेला असतो. पण तो अगदी नाहीसा होत नाही. त्याच पुसट अर्थाचा रंग मुख्य क्रियेवर चढतो. हिंदी व्याकरणात यासाठी ‘रंजक क्रिया’ असा गोड शब्द आहे, रंग भरणारी क्रिया. इंग्रजीतून लिहिणारे पंडित तिला ‘व्हेक्टर’ किंवा ‘एक्सप्लिकेटर’ म्हणतात. मराठी शाळेत मात्र या दोन्ही जातींना ‘सहाय्यक’ हेच नाव, आणि इंग्रजीच्या तासाला त्यांतील पहिलीच जात खरी. घोटाळ्याचे मर्म येथे आहे.

‘लुक आफ्टर’, ‘गिव्ह अप’ ही तिसरी जात. येथे दुसरा शब्द काळही दाखवीत नाही, रंगही भरीत नाही. तो मुख्य क्रियापदाशी मिळून नवाच अर्थ तयार करतो. ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’ म्हणजे तो रस्ता सोडून वळला. येथे दोन्ही शब्द आपापल्या अर्थाने उभे आहेत. ‘ही टर्न्ड ऑफ द लाइट’ म्हणजे त्याने दिवा मालविला. येथे दोन्ही मिळून एकच क्रिया. मामा आणि भात यांचे जे झाले तेच येथे. ज्या मुलाला ‘खाऊन गेला’ आणि ‘करपून गेला’ यांतील भेद कळतो, त्याला ही दोन इंग्रजी वाक्ये समजावयास अडचण पडू नये. अडचण पडते, कारण आपण त्याला आधी नाव सांगतो आणि मग वस्तू दाखवितो. मराठीत हे नवा अर्थ जुळविण्याचे काम शब्दयोगी अव्ययाऐवजी बहुधा नाम करते : ‘विचार करणे’, ‘दम देणे’, ‘हात मारणे’, ‘नाव ठेवणे’.

शिक्षकांच्या अधिकारात ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही. परीक्षेत जे नाव मागितले जाते ते मुलाने शिकलेच पाहिजे. तथापि घरी, वसतिगृहात, अभ्यासिकेत मुलांना मदत करणाऱ्यांनी तीन साधी नावे वापरून पाहावीत. काळ सांगणारा जोडीदार : ‘जात आहे’, ‘हॅज गॉन’. रंग भरणारा जोडीदार : ‘खाऊन टाक’, ‘करून बसला’. अर्थ पालटणारा जोडीदार : ‘नाव ठेवणे’, ‘लुक आफ्टर’. मुलाने आपल्या बोलीतून प्रत्येकाची पाच-पाच उदाहरणे आणावीत. मग पुस्तकातील नावे या तीन खणांत आपोआप जाऊन बसतात, आणि एखादे नाव दोन खणांत सापडले तर दोष आपला नसून नावाचा आहे, हे मुलाला कळते.

नानांचा वाद आणि आजचे मूल

शेवटी पुन्हा मुरबाडच्या सुपुत्राची आठवण करणे उचित होईल. १८४० साली मुंबईत शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि नाना त्याचे सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा होता. नानांनी, तसेच फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा या सहकाऱ्यांनी, त्यास विरोध केला. १८४७ साली हा वाद ऐन भरात होता. नानांचा इंग्रजीला विरोध नव्हता. इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांनाही त्यांनी हात सैल सोडून साहाय्य केले. परंतु ज्ञान जनसामान्यांच्या दारी पोहोचवावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने देशी भाषा ही ज्ञानाची पायरी होती, अडथळा नव्हती.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षे लोटली. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. या दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. परंतु दिवाळी सरली की वीटभट्टीच्या कामासाठी आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या कातकरी मुलाला या दोहोंचा लाभ कितपत होतो? त्याच्या वाट्याला शाळेचे जे थोडे महिने येतात, त्यांतील काही तास जर एकाच नावाचे पाच धनी पाठ करण्यात गेले, तर ती हानी भरून निघणारी नाही. तो वर्गात गप्प बसतो तेव्हा त्याला भाषा येत नाही असे आपण समजतो. वास्तविक त्याला भाषा येते. आपण विचारतो ते नाव येत नाही.

आमच्या कुटुंबांतील पुष्कळ पालक म्हणतात की आम्ही शिकलो नाही, मुलांना व्याकरणात काय मदत करणार? त्यांना आमचे सांगणे एवढेच : आपण जे रोज बोलता त्यातच व्याकरण आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर मुलाला जवळ बसवा आणि ‘देऊन टाकले’, ‘देऊन ठेवले’, ‘देऊन बसलो’ यांत काय फरक आहे ते विचारा. तो क्षणभर विचार करील आणि बरोबर सांगेल. मग त्याला सांगा की यालाच पुस्तकात संयुक्त क्रियापद म्हणतात, आणि इंग्रजी पुस्तकात त्याच नावाने दुसरेही काही ओळखतात, तेव्हा गोंधळून जाऊ नकोस.